पायाच्या कोऱ्या चादरी

मी अमरावतीच्या एका दवाखान्यात धुलाईच्या खोलीत काम करते. ऑपरेशनच्या मळक्या चादरी मोजून घ्यायच्या, धुऊन आल्या की घडी घालायची, फाटलं असेल तिथं टाका मारायचा आणि ठरलेल्या क्रमानं गठ्ठा बांधून जंतू मारायला वाफेवर द्यायचा. कोणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम मानवलं.

हृदयाच्या ऑपरेशनचा गठ्ठा सगळ्यांत मोठा. त्यात पायाच्या चादरी वेगळ्या असतात. बायपास असेल तर पायातली शीर काढतात, म्हणून त्या चादरींनाही रक्त असतं. झडपेचं ऑपरेशन असेल तर छातीच्या चादरी भरलेल्या आणि पायाच्या कोऱ्या येतात. उघडल्या म्हणून त्याही धुवायच्या, एवढंच. हे मला थिएटरच्या सिस्टरांनी एकदा सहज सांगितलं होतं. तेव्हापासून गठ्ठा सोडला की आज आत काय झालं ते कळायचं. त्या कळण्याचा मला काही उपयोग नव्हता.

माझी धाकटी बहीण मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा. तेच पुढे हृदयावर गेलं, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. कापूस वेचताना अर्धी पाथ, म्हणजे अर्धी ओळ झाली की ती धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसायची. घरच्यांना वाटायचं अंगचोर आहे. इको काढल्यावर कळलं, डावीकडची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन लागेल. सरकारी योजनेचं कार्ड होतं. ते अमरावतीतही चालत होतं आणि नागपुरातही. डॉक्टरांनी दोन्ही ठिकाणं सांगितली. जवाईबापूंनी, तिच्या नवऱ्यानं, त्याच संध्याकाळी मला फोन केला.

"बाई, तुमी हाय नं तिथं. आपलं मानूस असल्यावर नागपूरले कायले जायचं?"

आमच्याकडे दवाखाना असाच निवडतात. ओळखीचा कंपाउंडर असला तरी पुरतं. माझ्या ओळखीवर आजवर कोणी कुठं गेलं नव्हतं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मी वॉर्डातल्या मावशींना सांगून ठेवलं की माझी बहीण येणार आहे, तिला खिडकीजवळची खाट द्या.

दोन दिवसांनी हृदयाचा गठ्ठा आला. पायाच्या चादरी रक्ताच्या होत्या. चादरी मोजता मोजता मनात आलं, कोऱ्या शेवटच्या कधी आल्या होत्या? संक्रांतीच्या सुमारास एकदा. त्याआधी दिवाळीच्या आधी. बायपासचे गठ्ठे तर सारखे येत होते. झडपेचे वर्षभरातले आठवून पाहिले, तर एका हाताची बोटं पुरली. त्यातल्या एकाच्या वेळी अतिदक्षता विभागातून त्याच्या खाटेच्या चादरी बरेच दिवस येत राहिल्या आणि मग एकदम थांबल्या. बाकीचे घरी गेले. एकावरून काही वाईट ठरत नाही, हे मला कळत होतं. पण तीन-चारांवरून चांगलंही ठरत नव्हतं. सुट्टीवरून आले की माझीसुद्धा पहिली घडी वाकडी जाते, आणि ती तर नुसती चादर असते.

रविवारी बहीण आणि जवाईबापू पिशवी भरून माझ्या खोलीवर आले. सोमवारी भरती व्हायचं होतं. चहा झाल्यावर मी म्हटलं, "इथं नोका करू. नागपूरले जा. इथं झडपेची कमी होतात."

"कमी होतात तं बरंच आहे नं बाई," जवाईबापू म्हणाले. "गर्दी नाई. डाक्टर निवांत लक्ष देईन."

"रोज करनाऱ्याचा हात वेगळा असते."

"कोनं सांगतलं तुमाले?"

चादरींचं सांगायची मला लाज वाटली. डॉक्टरांनी नाही, सिस्टरांनी नाही, चादरींनी सांगितलं, असं कसं म्हणणार? मी कप उचलायला लागले.

"पंधरा दिवस डबा आना लागनार, म्हून तं नाई म्हनून राहिल्या?" ते हसत म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले.

बहीण इतका वेळ भिंतीला टेकून दम खात होती. ती म्हणाली, "थांबा जी तुमी. हे माही बहीन आहे. लग्नात पोरगा न पाहता हो म्हनली. कोनी शिळं वाढलं तरी खाल्लं. आजपावतर तिनं कशालेच नाई म्हटलं नाई. आज पह्यल्यांदा म्हनून राहिली, तं कावून म्हनते ते तं पाहा."

"मंग डाक्टरलेच विचारू. पन तुमीच विचारा बाई. माह्या तोंडातून नाई निघनार."

मी विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी आम्ही तिघं सर्जनच्या खोलीत उभे होतो. या डॉक्टरांचे अंगरखे मी कितीतरी वर्षं घडी करत होते. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. ते कागद वाचत होते. बहिणीचा श्वास मला ऐकू येत होता.

"साहेब, झडपेची ऑपरेशनं तुम्ही किती करता?"

"काय?" त्यांना ऐकू गेलं नव्हतं. पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं.

त्यांनी कागद खाली ठेवला. रागावले नाहीत. "कमी," ते म्हणाले. "बायपास नेहमीच्या. झडपा वर्षात थोड्याच. बदलायची म्हटली तर मी बदलून देईन, ते मला येतं. पण हिची कदाचित दुरुस्त होईल, आणि झाली तर तिच्यासाठी ते जास्त चांगलं. दुरुस्तीला रोजचा हात लागतो. नागपूरला जा, मी चिठ्ठी देतो." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही कोण?"

"इथंच धुलाईत आहे."

"बरं," असं म्हणून ते लिहायला लागले.

जिना उतरताना जवाईबापू म्हणाले, "पाहा, डाक्टरच भेला."

नागपूरला आमचं ओळखीचं कोणी नव्हतं. पाणी कुठं मिळतं हेसुद्धा विचारत फिरावं लागलं. ऑपरेशनच्या दिवशी ज्या बाकावर बसलो, तिथंच आणखी दोन घरची माणसं झडपेच्याच ऑपरेशनसाठी बसली होती. चादरी तिथं बंद पिशव्यांतून नेत होते, मला काही दिसलं नाही. दुपारनंतर एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, दुरुस्त झाली, बदलायची गरज पडली नाही. इतका वेळ जवाईबापू उभेच होते, ते खाली बसले.

या हंगामात पूर्ण पाथ वेचली, असं बहीण फोनवर म्हणाली. त्यातलं खरं किती आणि मला बरं वाटावं म्हणून किती, ते माहीत नाही. पण बोलताना ती मध्ये थांबली नाही. जवाईबापू पाहुण्यांत अजून सांगतात, बाईनं आपल्या दवाखान्यात होऊ देल्लं नाई. ते खरंच आहे. त्यानंतर माझ्या ओळखीवर इथं कोणी आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गठ्ठा सोडला तर पायाच्या चादरी कोऱ्या होत्या. मी त्या धुवायला टाकल्या. तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी थिएटरच्या सिस्टर दिसल्या तेव्हा विचारलं, "सोमवारचा झडपेचा पेशंट कसा आहे?"

"काल वॉर्डात आणला. जेवतोय," त्या म्हणाल्या. "का गं, ओळखीचं आहे कोणी?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचा गठ्ठा सोडला.