बांधावरचा अनंत

छायाचित्रातून रंग, माणसं आणि ठिकाण काढून टाकलं की उरतं ते निखळ सत्य. पेणच्या वाचनालयात माझ्या कृष्णधवल छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा हे वाक्य मीच दाराशी लावलं होतं. आत भिंतीचे पोपडे, गंजलेले पत्रे, टाकी लावलेला पाटा. मधोमध ‘अनंत’: भेगाळलेला करडा पृष्ठभाग आणि त्यात एक खोल काळं वर्तुळ. एका रसिकांना त्यात अस्तित्वाची पोकळी दिसली. मी मान डोलावली. मलाही ती तेव्हाच दिसली.

दुपारी खाडीकाठच्या गावातल्या एक मावशी एसटीला वेळ होता म्हणून पंख्याखाली आल्या. ‘अनंत’पुढे थांबल्या त्या हलेनात.

“ह्यो आमचा बांध हाय.”

“मावशी, हे अमूर्त आहे. कशाचंही असू शकतं.”

“कशाचंही कसं? चिंबोरीचं बीळ हाय. परवा अवस. उधाणाला हितनंच बांध फुटंल नि खारं पानी माज्या भातात. कापणीला आलंय ओ! कुठं काढलात?”

ते मला सांगता येईना. ठिकाण कळू नये म्हणून मी फार कष्ट घेतले होते, आणि बांध तर चांगला लांबलचक.

“फोटो काढलात नि जागा ठावं नाय? मंग बघितलंत काय?”

मावशींनी काचेला नाक लावलं. कोपऱ्यात एक तिरपी काळी पट्टी होती. तिला मी ‘रचनेतला ताण’ म्हणत असे.

“ही उघाडीच्या खांबाची सावली. लांब हाय. सकाळी काढलात ना? मंग खांबाच्या मावळतीला. चला.”

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. मी ‘अनंत’ भिंतीवरून उतरवलं. स्कूटरवर मागे मावशी, त्यांच्या मांडीवर फ्रेम. बांधावर त्यांची जाऊ आली. दोघी वाकून चित्रातली एकेक भेग जमिनीशी ताडून बघू लागल्या. माझं छायाचित्र इतक्या बारकाईने आजवर कोणी पाहिलेलं नाही; मीसुद्धा नाही.

“गो, ही बघ, तीच भेग!” जाऊ ओरडली. “नि हे बीळ! भाऊ, फोटोत बारकं दिसतंय हो.”

“आता फ्रेम ठेवा नि घमेलं घ्या,” मावशी मला म्हणाल्या.

अवसेला उधाण आलं, बांधाला थडकलं आणि परत गेलं. ‘अनंत’ पुन्हा भिंतीवर लागलं, काचेवर चिखलाच्या अंगठ्यासकट. रसिक आता त्या अंगठ्यापाशी जास्त रेंगाळतात.

अनंत बुजवायला एकवीस घमेली चिखल लागला.