मेहुण्याची उघड्यावरची जेवणं

माझ्या मेहुण्याइतका भित्रा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा नाही, आणि घरदार सोडून उघड्यावर जेवायला जाणाराही दुसरा नाही. ही दोन्ही खुळं एका डोक्यात कशी मावतात ते मला अजून कळलेलं नाही. मी मिठागरात हयात घालवलेला माणूस, शाळा जेमतेम. शहाणपणाचं मला विचारू नका. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहतो रोह्याजवळच्या अष्टमी गावात, कामाला धाटावच्या एका कंपनीत. सुट्टी लागली की जुना टेम्पो काढतो आणि त्यात गोधड्या, पातेली, बायको, पोरं, शेजारचं कुणी रिकामं असेल तर तेही भरून निघतो. लोक लॉजवर खोल्या घेतात. हा नदीकाठी नाहीतर कापलेल्या शेतात टेम्पो लावतो, बांबूवर ताडपत्री ताणतो आणि तीन दगडांची चूल मांडतो. "चूल आपली, लाकडं रानाची, भूक फुकटची. हॉटेलवाल्याचं काय काम?" असं म्हणतो.

खाणंही तसंच, खिशाला न चावणारं. मोठ्या पातेल्यात कडव्या वालाची खिचडी, एकदा चढवली की झाकण ठेवून विसरायची. निखाऱ्यात बटाटे, कांदे, असतील तर रानातले करांदे कंद. घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची कोरडी चटणी, जी किती दिवस ठेवली तरी विटत नाही. घासायला भांडी नकोत म्हणून पानांवर जेवायचं. वाटेत गडबला चहाला थांबू म्हटलं तर थर्मास पुढं करतो, आणि त्या चहाला टेम्पोचा वास. पण खरं सांगतो, त्या खिचडीची चव मला कुठल्या लग्नाच्या पंगतीत मिळाली नाही.

आता भित्रेपण ऐका. चिंचेखाली मुक्काम नाही, ओढ्याच्या वळणावर नाही, कावळा उतरत नाही तिथं तर नाहीच. जागा पटली की चपला काढून उभा राहतो आणि राखणदाराला, म्हणजे त्या जागेची राखण करणारं जे कोण असेल त्याला, मोठ्यानं आपली ओळख देतो. "अष्टमीवरनं आलोय. पोरंबाळं हायत. खाऊन जाऊ, घाण करणार नाय. परवा मला सेकंड शिफ्ट हाय." राखणदाराला तुझ्या शिफ्टचं काय करायचंय, असं मी एकदा विचारलं. "ठेवून घेऊ नये म्हणून," तो म्हणाला, आणि हसला नाही.

पहिलं पान त्या राखणदाराचं. आम्ही हसायचो. मग एकदा कुंडलिकेच्या काठी त्यानं खिचडीचं पान थोडं लांब दगडावर ठेवलं. आमची जेवणं उरकल्यावर बघतो तर पान साफ, आणि मधोमध दुमडलेलं. जेवण झालं की आपण दुमडतो तसंच, घडी आपल्याकडं करून. माझी बायको म्हणाली, "कुत्र्यानं खाल्लं असल." मेहुणा हळूच म्हणाला, "ताय, कुत्रा पान दुमडतो का गो?" नदी वाहत होती पण तिचा आवाज येत नव्हता, असं मला वाटलं. पोरं गपचूप टेम्पोत चढून बसली.

निघताना "चला" म्हणायची बंदी. म्हटलं तर आपल्याबरोबर जे येऊ नये तेही उठून येतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो नुसते हात हलवतो. एकदा असाच हात हलवला, टेम्पो भरला, सुरू झाला, आणि माझी बायको खाली पाण्यावर पातेलं घासत राहिली. तिला कुणी हाकच मारली नव्हती. पूल दिसायला लागल्यावर मला शेजारी जागा मोकळी दिसली. परत गेलो तर ती पातेलं मांडीवर घेऊन धोंड्यावर बसलेली. "भूत तिकडं ठेवलंत ते बरं केलंत, पण माणूस कशाला ठेवलात?" असं म्हणून भावाला तिनं घर येईपर्यंत फाडून खाल्लं. तो मान खाली घालून टेम्पो हाकत होता. भिऊन भिऊन शेवटी तो तिलाच भ्यायचा.

आणि सगळ्यात मोठं खूळ म्हणजे एका हाकेला ओ द्यायची नाही. आमच्याकडं जुनी माणसं असं मानतातच की भूत एकदाच हाक मारतं आणि माणूस दोनदा. ओ दिली की गेलात. पण बाकीचे तिन्हीसांजेला रानात पाळतात, हा बारा महिने पाळतो. दवाखान्यात कंपाउंडरनं नाव पुकारलं, हा गप. कंपाउंडर चहाला गेला, आणि हा सुजलेला गाल धरून दुपारपर्यंत बाकावर. फोन पहिल्यांदा वाजला की घेतच नाही. कंपनीतल्या साहेबालासुद्धा आता दोनदा लावायची सवय झाली आहे.

पावसाळ्यात माझी बायको गेली. ताप आला आणि गेली, एवढंच. रडारड मला लिहिता येत नाही. नंतर मी घर सोडायचं बंद केलं. बाजार नाही, पार नाही. सकाळी कुणीतरी दिलेली भाकरी संध्याकाळी पाण्याबरोबर गिळायची, चूल पेटवायची नाही. लोक म्हणाले म्हातारा खचला. खचलो नव्हतो, वाट बघत होतो. आयुष्यभर तिनं मला "अवो" म्हणूनच हाक मारली. ती कधीतरी दारातनं परत एकदा अवो म्हणेल आणि मी नेमका घरात नसेन, ही मला धास्ती. एका हाकेला ओ द्यायला मी तयार बसलो होतो. नेलं तर नेलं.

थंडीत वालाला शेंगा धरल्या तसा मेहुणा टेम्पो घेऊन दारात. "भावजी, पोपटीला येताय ना?"

"नाय. घर मोकळं टाकून कुठं येऊ?"

"घराला काय झालंय?"

"ती आली तर?"

त्यानं मागं वळून बायकोकडं बघितलं. मग त्याची बायको आत शिरली, माझी चादर आणि काठी उचलली, बाहेर येऊन कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "बसा आता टेम्पोत, नायतर पायरीवर निजा," म्हणाली. बाईमाणसाशी कोण झटापट करणार? बसलो.

गडबच्या अलीकडं ओळखीच्याच्या शेताच्या बांधावर थांबलो. पोपटी आमच्याकडं रानातच करतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा वासाचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, खडे मीठ. तोंड पाल्यानंच बंद करून मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. लवकर काढली तर शेंगा कच्च्या, उशीर झाला तर कोळसा, आणि एकदा उघडली की परत लावता येत नाही. कधी काढायची ते दरवर्षी माझी बायको सांगायची. डोळे मिटून वास घ्यायची आणि म्हणायची, काढा. दुसऱ्या कुणाला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं.

दिवस बुडाला होता, उजेड अजून होता. वालाच्या वेलांवर पांढरं धुकं गुडघ्याएवढं उतरलं होतं. वारा नव्हता, तरी धूर सरळ वर न जाता शेताकडं ओढल्यासारखा चालला होता. मेहुण्याची बायको म्हणाली, "काढा वो आता, किती जाळताय?"

"थांब गो."

"थांबू कशाला? कोण सांगणार हाय आता?"

हे बोलून ती आपल्याच जिभेला घाबरली. सगळे जाळाकडं बघत राहिले. आणि एकदम मेहुण्यानं शेताकडं मान वळवली, लहान पोरानं वळवावी तशी, आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हय ताय, काढतो!"

मला काही ऐकू आलं नव्हतं. कुणालाच आलं नव्हतं. धुक्यात कुणी नव्हतं. त्यानं काठीनं जाळ बाजूला केला, गोणपाटानं मडकं धरून ओतलं. शेंगा अशा शिजल्या होत्या की बोट लावलं की उकलत होत्या. एकही करपलेली नाही. मग तो तिथंच मातीत बसला. तोंड राखेसारखं. आपण एका हाकेला ओ दिली, ते त्याला तेव्हा कळलं.

मला मात्र राग आला. खराखुरा राग. इतके महिने कान दाराला लावून मी बसलो, आणि हाक याला? "खोटं बोलतोस," मी म्हटलं.

"आईशप्पत, भावजी."

"काय म्हणाली?"

"काढ म्हणाली. करपल म्हणाली."

"आणि? माझं काय?"

त्यानं मान हलवली. "एवढंच. आता मला नेल का वो ती?" सगळी हयात ज्याला भ्याला तेच या माणसानं बहिणीसाठी विचार न करता करून टाकलं होतं. माझा राग कुठं गेला कळलं नाही.

"तुला कशाला नेल?" मी म्हटलं. "तुझी बडबड तिला जित्तेपणी सोसत नव्हती. न्यायचा असता तर मला नेला असता. शेंगा गरम हायत तोवर खा." आणि तो खाईना, म्हणून आधी मी खाल्ल्या. जीभ भाजली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा माझ्या पोटात काही गरम गेलं. पोरांनी माझं बघून हात घातले, आणि मग त्यानंही.

मेहुणा अजून धडधाकट आहे, तसाच भित्रा आहे, तसाच भटकतो. मीही जातो आता. त्याच्या बायकोनं किल्ली परत दिली आहे. कुलूप मीच लावतो, किल्ली शेजारणीकडं ठेवतो आणि कुठं जेवायला चाललोय ते सांगून ठेवतो. कुंडलिकेवर, नाहीतर गडबकडं. कुणी विचारलं तर सांग, म्हणतो. "तुमाला कोण विचारणार हाय आता, आजोबा?" ती म्हणते. मी म्हणतो, तरी पण सांग.