शिंगाची गोष्ट

जमुनानं गरोदरपणी ग्रहणात एक वांगं चिरलं होतं. तिचा गुन्हा तेवढाच. पण मोर्शीजवळच्या त्या गावात तिला वर्षभर त्या वांग्यावरून ऐकावं लागलं. कारण तिच्या लेकीच्या, करिश्माच्या, डाव्या डोळ्यात, ऐन बाहुलीच्या जागी, मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसू लागली होती. सासू रुख्मिणीबाई येईल त्या बाईला सांगायच्या, इनं गिरानात सुरी धरली अन् भोगून राहिली माही नात. वाईट हे, की जमुनालाही ते पटलं होतं. बिचारी उपास करायची. देवीला चांदीचे डोळे वाहून आली. दवाखान्याचं नाव काढलं की सासू म्हणायची, गिरानाच्या दोषाले डॉक्टर काय करन?

डोळा लाल होऊन सुजला, तेव्हा कुठे पोरीला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल. काही मुलं हा दोष जन्मतःच घेऊन येतात. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाचा डोळा लहानपणी काढला होता का?

जमुनाचा नवरा गोवर्धन, त्याचा उजवा डोळा काचेचा. तो म्हणाला, माझा काढला, पण मला गोऱ्ह्याचं शिंग लागलं होतं. सोयरीक जुळवताना जमुनाच्या बापालाही हेच सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सोबत आलेल्या त्याच्या आईकडे बघितलं.

"गाठच होती," रुख्मिणीबाई खाली बघून म्हणाल्या. "पन तसं सांगतलं असतं तं याले पोरगी कोनं देली असती?"

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. दोष बापाकडून लेकीकडे आला, त्यात त्याचाही अपराध नाही, आणि ग्रहणाचा तर काडीचाही संबंध नाही. आधी माहीत असतं तर जन्मल्यापासून डोळे तपासता आले असते, कदाचित हा डोळा वाचलाही असता. दुसरा अजून चांगला आहे, तो मात्र नेमानं दाखवत राहायचा.

जमुनाच्या अंगाची लाही लाही झाली. पोराच्या डोळ्यातली तीच चमक या बाईनं पूर्वी पाहिली होती. नातीच्या डोळ्यात दिसताच ओळखलीही असणार. आणि तोंड उघडलं ते वांग्यासाठी! गोवर्धनवर तिला राग धरवेना, त्यालाही त्याच्या आईनं फसवलंच होतं.

ऑपरेशन होऊन पोर घरी आली. शेजारपाजारच्या बाया बघायला जमल्या. कोणीतरी विचारलं, काय झालं होतं वं डोळ्याले? रुख्मिणीबाईंनी सुस्कारा टाकला आणि सुरू झाल्या, की खेळता खेळता कापसाच्या पऱ्हाटीची काडी घुसली.

जमुना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो धाडकन खाली ठेवला.

"काडी नाही," ती म्हणाली. "कॅन्सर होता. हिच्या बापाले बी होता, त्याच्याकडूनच आला. ना शिंग होतं, ना गिरान."

रुख्मिणीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाचा तरी इचार कर."

"केला," जमुना म्हणाली. "हिच्या लेकराचे डोळे पयल्या दिवशी तपासले पायजेत. हे ऐकून जो हो म्हनन, त्याच्याच घरी देईन मी हिले."

आणि तिनं करिश्माला सासूच्या मांडीवरून उचलून घेतलं.