पट्ट्यावरची दोन छिद्रे

बाभुळगावच्या सरकारी कचेरीत मी सारी नोकरी नोटिसा, जबाब आणि पंचनामे लिहिण्यात घालवली. निवृत्तीनंतर ती सवय सुटली नाही. वरिष्ठ उरले नाहीत म्हणून ती अधिकच मोकाट झाली. रस्त्यावरच्या खड्ड्यापासून विजेच्या जळालेल्या रोहित्रापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी मी पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांना कलमांसह पुन्हा लिहिले. पुढे जे सांगतो आहे त्यातही माझा एकही दिनांक चुकलेला नाही.

शेत पत्नी सांभाळत असे. निंदणाच्या बायका सकाळी ठरलेल्या वेळी येत आणि पाचला सुटत. वेळ सांगणे हे मालकिणीचे काम. मोबाइल डब्याच्या पिशवीत, लांब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. हात कोपरापर्यंत चिखलाचे. एकदा सुट्टी द्यायला उशीर झाला आणि बायका आपसांत कुजबुजल्या. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मले हातातली घडी पाह्यजे. पाण्यानं मरणार नाही अशी. दहा मिनिटं जास्त झाले का बायका मले चोर समजते."

मागणी रास्त होती, म्हणून मी ती एखाद्या निविदेसारखी हाताळली. कागदावर अटी लिहिल्या. पट्टा चामड्याचा नको, घामाने कुजतो. अंक मोठे, भर उन्हात दिसणारे. फवारणीच्या पंपावर आपटले तरी काच टिकावी. किंमत अशी की घालून चिखलात उतरताना जीव खालीवर होऊ नये. आणि पाणी आत शिरता कामा नये. तो कागद घेऊन आम्ही दोघांनी यवतमाळच्या बाजारात तीन दुकाने पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने माझ्या अटी वाचल्या, एक काळे, जाडजूड घड्याळ पुढे सरकवले आणि म्हणाला, "काका, बिनधास्त पाण्यात टाका."

मागच्या झाकणावर 'तीस मीटर' असे कोरले होते. "आपली विहीरही एवढी खोल नाही," मी पत्नीला म्हणालो. तिने ते मनगटावर धरून पाहिले. घड्याळ पुरुषी मापाचे होते. शेवटच्या छिद्रातही ढिले होत होते. घरी आल्यावर तिने दाभण तापवून पट्ट्याला एक छिद्र पाडले, आणि दुसऱ्या दिवसापासून बायका तिला वेळ विचारू लागल्या.

दोन महिने झाले असतील. ड्रममधून फवारणीचे पाणी काढताना तिचा हात बुडाला आणि काचेखाली वाफ धरली. "घडीले घाम आला," ती हसत घरी आली. "तांदळाच्या डब्यात ठेवतो, वायते."

मी ते तिच्या हातातून काढून घेतले. शेजारचे निवृत्त गुरुजी आणि समोरचा किराणा दुकानदार यांना पंच म्हणून बोलावले आणि ओट्यावर रीतसर पंचनामा केला. काच: आतून बाष्प. काटे: चालू. पट्टा: मूळ छिद्रांव्यतिरिक्त हाताने पाडलेली छिद्रे, दोन. मीच मोजली, मीच लिहिली. मग घड्याळ लिफाफ्यात घालून लाखेने बंद केले आणि जोडावर आडव्या सह्या घेतल्या.

"वहिनी, तुमच्या घडीले अटक झाली," दुकानदार म्हणाला. "जमानत घ्या आता."

तिला हसू आले नाही. "चालून राह्यली ना ती. मंग काहून बंद केली?"

"वापरलं तर पुरावा बिघडतो."

"मंग दुसरी घ्या, साधी."

"दुसरं घेतलं तर ते म्हणतील, गैरसोय संपली."

"म्हंजे माही गैरसोय तुमाले पाह्यजे," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

कंपनीने तिसऱ्या पत्राला उत्तर दिले. तीस मीटर म्हणजे खोली नव्हे. तो प्रयोगशाळेतील दाब. प्रत्यक्षात हात धुतानाचे शिंतोडे तेवढे चालतील. त्या उत्तराने माझा संताप आजही होतो. मीटर हे लांबीचे माप आहे, हे चौथीतल्या मुलाला कळते. ते ग्राहकाला वेगळे आणि कंपनीला वेगळे कसे असेल? मी ग्राहक मंचात तक्रार दाखल केली. तिकडे शेतात ती बांधावरच्या कडुनिंबाची सावली पाहून सुट्टी देऊ लागली; ढग असले की अंदाजाने, आणि चूक नको म्हणून थोडी लवकरच.

सुनावणीला लिफाफा उघडला गेला. कंपनीच्या वकिलाने पट्टा उजेडात धरला. "एक छिद्र समजू शकतो. दोन महिन्यांत दुसरं कशासाठी? वस्तूत फेरफार केलेला आहे." मला पुढची तारीख मिळाली, घड्याळ पुन्हा लिफाफ्यात बंद झाले.

घरी ती सुपात तूर निवडत बसली होती. दुसरे छिद्र का पाडले, असे मी विचारले.

"ढिली पडली होती. हात सुकला माहा."

मी तत्काळ कागद घेतला. 'तक्रारदाराच्या पत्नीचे मनगट दरम्यानच्या काळात कृश झाल्याने सदर छिद्र पाडणे भाग पडले.' तिला वाचून दाखवले. वाक्यावर मी खूश होतो.

"एवढा भारी शब्द," ती म्हणाली, "माह्या हातासाठी." आणि सूप पाखडू लागली.

नवी तूर घरात येईपर्यंत तिला पाण्याची घागर उचलेनाशी झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि मला विचारले, "वजन कधीपासून उतरतंय?"

"अलीकडेच," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "घडी घेतली तवापासून."

डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आणायला हवे होते. त्या 'तेव्हा'चा दिनांक माझ्या फाइलमध्ये होता, दोन पंचांच्या सह्यांसह. पुढे तेच मी शपथेवर लिहून दिले होते. उन्हाळा लागण्यापूर्वी ती गेली.

शेवटच्या तारखेला मी हजर राहिलो नाही. आयुष्यात चुकवलेली ती एकमेव तारीख. तरीही निकाल माझ्या बाजूने लागला. कंपनीने तसेच नवे घड्याळ पाठवले, जुनेही लिफाफ्यासह परत आले. सह्यांवरून कात्री चालवून मी तो उघडला. काटे थांबले होते. पट्ट्यावरच्या दोन छिद्रांमध्ये बोटाच्या नखाएवढे अंतर होते. मी ते पट्टीने मोजले, आणि मोजल्यावर ते कुठे लिहावे हे मला सुचले नाही. त्या वकिलाला मी अजून क्षमा केलेली नाही. जे मी मोजून लिहिले होते, ते पाहिले मात्र त्याने.

नवे घड्याळ मला मूळ छिद्रातच बसते. निंदणाच्या दिवसांत मी रोज धुऱ्यावर उभा असतो. बायका विचारतात, "काका, किती वाजले?" मी सांगतो. पाच वाजले की सुट्टी देतो. एक मिनिटही वर होऊ देत नाही.