वरच्या खोलीतली परदेशी

तारनाक्याच्या आमच्या घराची वरची खोली मी टांझानियाच्या एका मुलीला भाड्याने दिली आणि त्याच संध्याकाळी पोलिसांचा सी फॉर्म ऑनलाइन भरून टाकला. घरात परदेशी माणूस ठेवला की तो भरावाच लागतो. आमच्याकडे तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या, त्यामुळे कागद वेळेवर देणं हाच आमचा कुळाचार. मुलगी युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती. तिसऱ्या वर्षी व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली. प्रबंध पुरा व्हायला सहा महिने हवे होते. मुदत नाही मिळाली, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

पत्त्याची चौकशी करायला कॉन्स्टेबल आला तेव्हा मी नेमकी नारायणगुड्याला दाताच्या डॉक्टरपुढे तोंड वासून बसले होते. मुलगी लायब्ररीत. कुलूप बघून त्याने शेजारच्या काकूंना विचारलं. काकूंना गल्लीतलं मांजरसुद्धा वयासकट ठाऊक. पण त्या आठवड्यात टीव्हीवर परदेशी लोकांच्या धरपकडीच्या बातम्या चालू होत्या, आणि पोलीस दारात आला की आधी आपलं माणूस झाकायचं, हे काकूंचं जुनं तत्त्व. त्या ठणकावून इथल्या दख्खनी हिंदीत म्हणाल्या, "यहां कोई फॉरेनर नै है साब. सब घर के लोगां हैं."

झालं! चार दिवसांनी मुलीच्या फोनवर संदेश आला, की तुम्ही दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, खुलासा करा. तिने मुकाट्याने बॅग काढून पुस्तकं भरायला घेतली. ते बघून माझं डोकंच फिरलं. काकूंकडे जाऊन मी नाही नाही ते बोलले. काकू बिचाऱ्या, पोरीला वाचवल्याच्या आनंदात होत्या. काय झालंय ते कळल्यावर तडक ठेवणीतली साडी नेसून आल्या. "चल गं, पोलीस स्टेशनला."

आम्ही तिघी रिक्षाने गेलो. तिथला तरुण अधिकारी हसून म्हणाला, "क्या है अम्मा, देश को बाहर के बच्चे होना, उनकी फीस होना. हमको उनका पत्ता होना. दोनों बातां मिले तोच काम होता."

पोरं हवीत, फी हवी म्हणून घरी बोलवायचं आणि दारात झडती घ्यायची, ही कुठली रीत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मीही भाडं हवं म्हणूनच खोली दिली होती आणि पासपोर्टची झेरॉक्स कपाटात जपून ठेवली होती.

काकूंनी मात्र जबानी दिली ती तब्येतीत. पोरगी सहाला उठते, आंबट वरण ओरपून पिते, तापातसुद्धा आंघोळ चुकवत नाही, डोकं कधी नीट पुसत नाही. अधिकाऱ्याने त्यातलं कामापुरतं टाइप केलं आणि वाचून दाखवलं: सदर परदेशी नागरिक याच पत्त्यावर राहते.

काकूंनी पेन खाली ठेवलं. "फॉरेनर काटो. मैं नै करती दस्तखत."

"अम्मा, वो काटे तो उसको जाना पड़ता," तो म्हणाला. "फॉरेनर लिखे तोच यहां रह सकती."

काकूंनी पेन पुन्हा उचललं. मग सही केली, आणि बाकावरच्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "कागदापुरतंच हं, पोरी."

तीन वर्षांत तिला तेवढं मराठी यायला लागलं होतं.