अर्धा मग पाणी

औंढ्याजवळच्या एका कॉलेजात चांगुणाबाई प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. नवरा गेल्यावर मिळालेली नोकरी. अठरा वर्षं झाली होती. शिक्षण सातवीपर्यंत, पण त्यांच्या हातून कधी काचेची नळी फुटली नाही की बाटलीतला बेडूक सुकला नाही. "चांगुणाबाईंवर सोपवलं म्हणजे झालं," असं सगळेच म्हणायचे. ते वाक्य ऐकलं की त्या मान खाली घालून कामाला लागायच्या, पण आतून सुखावायच्या.

मार्चमध्ये करुणा मॅडमनी गांडुळांवर प्रयोग मांडला. पीएचडीचं काम होतं. मागच्या दोन खोल्यांत सहा-सहा टब ठेवले, प्रत्येकात काळी माती, शेणखत आणि मोजून वीस गांडुळं. एका खोलीतल्या टबांवर जाळी टाकून तिच्यावर चालू मोबाइल ठेवले. त्यांवर दिवसाचे सहा तास कॉल सुरू राहायचा. दुसऱ्या खोलीत जाळीवर मोबाइलएवढे लाकडी ठोकळे. मोबाइलच्या लहरींचा मातीतल्या जिवावर काय परिणाम होतो, ते मॅडमना पाहायचं होतं.

मॅडमना महिनाभर नांदेडला जायचं होतं. त्यांनी चांगुणाबाईंच्या हातात मग दिला.

"मावशी, एक दिवसाआड प्रत्येक टबाला एक मग. सगळ्यांना सारखं. दिलं की वहीत बरोबरची खूण करायची."

"बराबर करते मॅडम. तुमी बिनघोर जा."

दुसऱ्याच खेपेला घोळ झाला. जाळीतून पाणी ओतताना एका मोबाइलवर शिंतोडे उडाले आणि त्याचा पडदा काळा पडला. चांगुणाबाईंनी तो पदराला पुसला, कॅन्टीनमधून मागून आणलेल्या कोरड्या तांदळात खुपसला, आणि संध्याकाळी तो चालू झाल्यावरच घरी गेल्या. कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मोबाइलच्या टबांना पाणी द्यायची त्यांना धास्ती बसली. त्या कडेकडेने अर्धा मग शिंपायच्या. ठोकळ्यांच्या टबांत मात्र पूर्ण मग ओतायच्या. लाकूड भिजलं तर बिघडतं काय? वहीत बारा खुणा सारख्याच पडत होत्या. एप्रिलचं ऊन पत्रे तापवत होतं.

मॅडम परतल्या आणि त्यांनी टब वर्तमानपत्रावर उलटे केले. ठोकळ्यांच्या टबांतली गांडुळं वळवळत बाहेर आली, मातीत अंड्यांचे मोहरीएवढे पिवळट कोषही सापडले. मोबाइलच्या टबांत निम्मीसुद्धा उरली नव्हती. होती ती तळाला, स्वतःभोवती गाठ मारून पडलेली.

चांगुणाबाईंना ती गाठ ओळखीची होती. माहेरी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला रान होतं. उन्हाळ्यात जमीन वाळली की खाली खोल अशीच गाठ मारलेली गांडुळं निघायची. त्यांना एका क्षणात सगळं कळलं.

"मावशी, पाणी सगळ्यांना सारखंच दिलं ना?" मॅडमनी विचारलं. त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता.

"व्हय मॅडम. वहीत हाय न," चांगुणाबाई म्हणाल्या.

एवढंच वाक्य.

पुढे गोष्ट हाताबाहेर गेली. जिल्ह्याच्या एका पेपरात बातमी आली, मोबाइलमुळे गांडुळं मेली म्हणून. कॉलेजात छोटा कार्यक्रम झाला. मॅडमनी चांगुणाबाईंना पुढे बोलावलं, शाल पांघरली आणि माइकवर सांगितलं, "मावशींनी एक दिवस पाणी चुकवलं नाही." टाळ्या पडल्या. शालीखाली चांगुणाबाई घामाने भिजल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

बातमी गावातही पोचली. शेजारच्या शालूबाईंची सून पुनम सात महिन्यांची गरोदर होती. शालूबाईंनी तिचा मोबाइल काढून कपाटात कुलूपबंद केला. "गांडूळ मरून राहिलं तं पोटातलं लेकरू काय राहीन?" त्या दारोदार सांगत होत्या, "आपल्या चांगुणाच्या डोळ्यांदेखत झालं!"

एका सकाळी पुनम पाण्याच्या निमित्ताने आली आणि ओट्यावर बसली. तिचं माहेर डोंगरकडा गावचं.

"मावशी, माही माय आजारी हाय. बारा दिवस झाले, तिचा आवाज न्हाई ऐकला. तुमी सांगा न सासूबाईला. तुमचं ऐकतीन त्या."

"सांगते," चांगुणाबाई म्हणाल्या. पण काय सांगणार होत्या? शालूबाईंच्या दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या. खरं सांगायचं तर ते आधी कॉलेजात सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्या चहाचा ट्रे घेऊन विभागप्रमुखांच्या खोलीशी आल्या, तर आत करुणा मॅडमचा आवाज.

"सर, परिषदेला पाठवलेला शोधनिबंध मी मागे घेते. मातीचे नमुने पुन्हा तपासले. मोबाइलच्या टबांतली माती फारच कोरडी आहे. मोबाइलच्या उष्णतेने वाळली असेल, मी ओलावा रोज मोजायला हवा होता. माझीच आखणी चुकली."

"तयारीपासूनचं सहा महिन्यांचं काम गेलं म्हणायचं," सर म्हणाले.

"हो."

चांगुणाबाईंनी ट्रे दारातल्या बाकावर ठेवला. कप किणकिणले.

"मॅडम, तुमचं न्हाई चुकलं." त्या दारातूनच म्हणाल्या. "पाणी म्या कमी दिलं. मोबाइल भिजन म्हून भेले. अर्धाच मग देत होते. अन् वहीत खोट्या खुणा केल्या."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"काहून, मावशी?" त्यांच्या तोंडून गावची बोली निघाली. "त्या दिवशी मी विचारलं होतं न तुम्हाला?"

"इच्यारलं व्हतं."

"मग?"

"अठरा वर्षांत कोनी नाव न्हाई ठेवलं मला. तेच जपत बसले."

मॅडम उठून निघून गेल्या. सरांनी चांगुणाबाईंकडून लेखी घेतलं आणि नोकरीवर ठेवलं. शाल चांगुणाबाई परत द्यायला घेऊन गेल्या. ती कुणी घेतली नाही.

गावात जाऊन त्यांनी शालूबाईंना ओट्यावर चारचौघींसमोर सगळं सांगितलं. शालूबाईंनी कपाट उघडून मोबाइल सुनेपुढे टाकला. "पेपरात खोटं, तुह्या तोंडातही खोटं. आमी काय खरं मानावं?" चांगुणाबाई ओट्यावरून उठल्या. आत पुनम मायशी बोलत होती, रडत होती.

पावसाळ्यानंतर मॅडमनी पुन्हा बारा टब मांडले. या वेळी त्या ओलावा कळावा म्हणून रोज माती तोलायच्या आणि पाणी स्वतः घालायच्या. चांगुणाबाईंनी शेणखत आणलं, टब धुतले, खोली झाडली. मगाला हात लावला नाही आणि लावायला कुणी सांगितलंही नाही. शेवटी दोन्ही खोल्यांतली गांडुळं जवळपास सारखीच जगली. मोबाइलच्या टबांत कोष जरा कमी निघाले, पण तेवढ्यावरून काही ठाम म्हणता येत नाही, असं मॅडमनी लिहिलं.

तो निबंध छापून आला तेव्हा मॅडमनी एक प्रत त्यांच्यासमोर ठेवली. चांगुणाबाईंनी शेवटच्या पानावरच्या आभारांत आपलं नाव शोधलं. नव्हतं. बरोबरच आहे, असं म्हणून त्यांनी प्रत कपाटात नीट लावली आणि परीक्षानळ्या धुवायला घेतल्या.