मिस्त्रींचा तक्ता आणि बाबांचं जेवण

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. वीस वर्षं त्यांनी लोकांना सुखरूप वर-खाली पोचवलं, पण स्वतःच्या पोटाकडे बघायला काही त्यांना सवड मिळाली नाही. एकदा एका कार्यालयात, नुकत्याच दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये ते सहा जणांच्या मागून शिरले आणि जादा वजनाची घंटा वाजायला लागली. "यंत्रात काहीतरी राहिलंय," म्हणत ते बाहेर आले. घंटा थांबली. पुन्हा आत गेले, पुन्हा वाजली. आतले सहाही जण छताकडे बघायला लागले. मिस्त्री जिन्याने उतरले, पण गोष्ट मनाला लागली ती लागलीच.

त्याच आठवड्यात पोहण्याच्या तलावावर त्यांचं काम निघालं. तिथे पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी चार महिन्यांनी होणाऱ्या नवशिक्यांच्या ट्रायथलॉनबद्दल सांगितलं. चारशे मीटर पोहायचं, दहा किलोमीटर सायकल चालवायची आणि मग अडीच किलोमीटर पळायचं. मिस्त्रींनी तिथल्या तिथे नाव घातलं.

कुठलंही काम हाती घेतलं की मिस्त्री त्यात पुरते बुडायचे. मोबाइलवर त्यांना खाण्याचा एक तक्ता सापडला, तो त्यांनी फ्रिजवर चिकटवला. भात बंद, बटाटा बंद, साखरेचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी ठोक्याला सहा वाजता दोन उकडलेली अंडी आणि वजन करून घेतलेली काकडी, तीही ओट्याजवळ उभ्याउभ्याच.

बायको हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात, संध्याकाळच्या पाळीला. त्यामुळे आठच्या जेवणाला घरात दोघंच असायचे, मिस्त्री आणि त्यांचे सासरे. बाबांचा सगळा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेलेला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हापासून ते लेकीकडे होते. आजवर जेवताना मिस्त्री दिवसभराच्या गमती सांगायचे, कोण कुठल्या मजल्यावर अडकलं, कोणी आतून काय आरडाओरडा केला, आणि बाबा हसता हसता दोन घास जास्त खायचे. आता आठ वाजता मिस्त्री आतल्या खोलीत पाय ताणत बसायचे आणि बाबा एकटेच ताटापुढे.

एके दिवशी बाबा म्हणाले, "जावईबापू, पट्ट्याला एक भोक पाडून देता का? सैल होतोय."

मिस्त्रींनी हत्यारांच्या पेटीतली टोकदार आर घेतली आणि भोक पाडून दिलं. वर म्हणाले, "बघा, माझ्याबरोबर तुम्हीही बारीक व्हायला लागलात." बाबा नुसतं हसले.

दोन महिने असेच गेले. मग एका रविवारी लांबवर सायकल मारून आल्यावर मिस्त्री तलावावर गेले आणि दुसऱ्याच फेरीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन कठड्याला लटकले. बाईंनी त्यांना वर ओढून घेतलं.

"सकाळी काय खाल्लंत?"

"काळी कॉफी."

"आणि काल रात्री?"

मिस्त्रींनी अंडी आणि काकडी सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला शर्यत करायचीय की उपास? घरात जे शिजतं तेच खा. निघण्याआधी थोडं, आल्यावर पोटभर. भाताने कोणी बुडत नाही."

मिस्त्री खाली मान घालून घरी आले. दारातच बाबा पट्टा हातात घेऊन उभे. "अजून एक लागेल बघा."

आर काढली खरी, पण या वेळी ती हातातच राहिली. मिस्त्रींनी पट्ट्यावरचं आधीचं भोक पाहिलं, बाबांचे खांद्यावरून ओघळणारे कपडे पाहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. बाबांसाठी काढून ठेवलेला कालचा भात जवळजवळ तसाच्या तसा पातेल्यात परत गेला होता. बाबांना काही विचारलं असतं तर ते 'भूक नाही' एवढंच म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

आठ वाजता त्यांनी दोन ताटं घेतली.

"बाबा, मला एकट्याला जेवण जात नाही. आज तलावावर चक्कर आली."

बाबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मग आधी बोलायचं नाही का? मी काय परका आहे?" आणि डावाने त्यांच्या ताटात भाताचा असा काही ढीग घातला, की तक्ता करणाऱ्याला घेरीच आली असती. वर बटाट्याचा रस्सा वाढला. त्या रात्री बाबांनी स्वतःही दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सूत्रं बाबांच्या हातात गेली. बेकरीमुळे त्यांना पहाटे चारला जाग यायचीच. पाचला ते पाव भाजून, केळं सोलून तयार. "भट्टीवर उपाशीपोटी कधी उभा राहिलो नाही मी," ते म्हणायचे, "तुम्ही पाण्यात कसे उतरता?" मिस्त्री खायचे, समोर बाबाही खायचे.

शर्यतीच्या आधी बायकोने दोघांनाही दुकानातल्या काट्यावर उभं केलं. मिस्त्री तीन किलोंनी उतरले होते, बाबा तीन किलोंनी चढले होते. ती म्हणाली, "म्हणजे घरातलं वजन घरातच राहिलं."

शर्यतीत मिस्त्री शेवटून चौथे आले. पाण्यात नाकात पाणी गेलं, पळताना पोटरीत गोळा आला, पण ते थांबले नाहीत. सायकली ठेवायच्या जागी बाबा पिशवी घेऊन उभे होते आणि ओळखीचा-अनोळखी न बघता समोर येईल त्याला "काही खाल्लंत का?" विचारत होते.

दुपारी घरी तिघं एकत्र जेवायला बसले. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि ताटावरच पेंगायला लागले. बायको उठवायला गेली तर बाबांनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "जागा झाला की खाईल. मी बसतो तोवर."

आणि आपल्या ताटातलं दही सावकाश संपवत ते बसून राहिले.